घाटात ब्रेक कमी लागतो: जुन्या वॅगन आरवर बारा हजार कुठे घालायचे?

तुमचा प्रश्न थोडक्यात असा. २०१३ ची वॅगन आर एलएक्सआय, एबीएस (जोरात ब्रेक मारला तरी चाकं जाम होऊ न देणारी यंत्रणा) नाही, मीटरवर ७८ हजार किलोमीटर, एमएच ०८ पासिंग, नुकतीच सेकंडहँड घेतलेली. राहता कराडला, गाव गुहागरकडे, म्हणजे कुंभार्ली घाट महिन्याकाठी ठरलेला. पॅडल जरा जास्तच खाली जातं. घाट उतरून पोफळी येईपर्यंत जळका वास सुटतो आणि शेवटच्या वळणांवर पाय दाबून धरावा लागतो. एका ओळखीच्या मिस्त्रींनी पुढे मोठ्या गाडीच्या डिस्क आणि मागे ड्रम काढून डिस्क, असं मिळून ३२ हजार सांगितले. तुमच्या खिशात १२ हजार आहेत. तेव्हा निदान पुढच्या तरी मोठ्या डिस्क बसवाव्यात का, की भारीतले सिरॅमिक पॅड टाकले की भागेल?

दोन्ही नको. आमचं गॅरेज चिपळुणात आहे, त्यामुळे घाट उतरून वास मारत आलेल्या गाड्या हे आमचं रोजचं गिऱ्हाईक. अशा गाडीचं चाक खोललं की बहुतेक वेळा एकच गोष्ट दिसते: कंपनीने दिलेला ब्रेक तिच्यात उरलेलाच नसतो. पुढच्या डिस्कला दाबणारे पॅड अर्धे झिजलेले, त्या पॅडना दाबणाऱ्या कॅलिपरच्या पिना जाम, मागच्या ड्रमला आतून घासणारे लायनर जेमतेम टेकणारे आणि ब्रेक ऑइल काळं. अशा गाडीवर मोठी डिस्क बसवली तरी तिच्यामागे तेच ऑइल, तेच पाइप आणि तोच जाम मागचा ब्रेक राहतो. तुमचे १२ हजार गाडीला तिचा मूळ ब्रेक परत मिळवून द्यायला पुरतात. तो मिळाल्यावरही कमी वाटलं तर पुढचं बोलू. माझ्या अनुभवात ती वेळ फार थोड्यांवर येते.

गाडी मी पाहिलेली नाही, म्हणून काही गोष्टी ‘जर-तर’ मध्येच सांगाव्या लागतील. डिस्क बदलायची की नाही हे तिची जाडी मोजल्याशिवाय कोणीच सांगू शकत नाही. मास्टर सिलिंडर (पॅडल दाबलं की ऑइल चाकांकडे ढकलणारा भाग) गेलाय का, हे पॅडलवर पाय ठेवून बघावं लागतं. आणि एमएच ०८ पासिंग वाचल्यावर माझ्या डोक्यात आणखी एक शंका आली, ती पुढे सांगतो.

आधी घाटाचा हिशेब बघा, म्हणजे वास कशाचा ते कळेल. वॅगन आर, चार माणसं आणि डिकीत सामान मिळून साधारण १२०० किलो धरा. ही गाडी ५०० मीटर उंचीवरून खाली आणताना जेवढी ऊर्जा जिरवावी लागते, तेवढी ताशी ६० च्या वेगातली गाडी पस्तीसेक वेळा पूर्ण थांबवताना लागते. यातला काही भाग टायर आणि हवा खातात. उरलेला एक तर इंजिन खाणार, नाहीतर ब्रेक. गाडी न्यूट्रल केली किंवा चौथ्या-पाचव्या गिअरमध्ये ठेवली, की जवळपास सगळा भार ब्रेकवर येतो. पॅडमधला चिकट पदार्थ तापून वास सुटतो आणि पकड कमी होते. हे झालं पहिलं लक्षण.

दुसरं लक्षण याहून वाईट. तापलेल्या कॅलिपरमधलं ऑइल उकळायला लागतं, त्यात वाफेचे बुडबुडे होतात आणि पॅडल दबून नुसतं खाली जातं. पॅडल कडक राहून गाडी कमी थांबत असेल तर पॅड तापलेत; पॅडल मऊ होऊन खाली जात असेल तर ऑइल उकळलंय. ‘पाय दाबून धरावा लागतो’ असं तुम्ही लिहिलंय, म्हणजे अजून पहिल्याच पायरीवर आहात. पण पॅडल एरवीही खाली जातं म्हणता, म्हणून ऑइलकडे दुर्लक्ष करून चालणार नाही.

गॅरेजला जाण्याआधी घरच्या घरी पॅडलची परीक्षा घ्या, पैसा लागत नाही. गाडी सपाट जागी, इंजिन चालू. पॅडल एकदा दाबा, सोडा, लगेच पुन्हा दाबा. दुसऱ्या वेळी ते वरच अडलं तर एक तर मागच्या लायनरची फट वाढलीय किंवा लाइनमध्ये हवा आहे. दाबताना स्पंजसारखं लागलं तर हवेची शक्यता जास्त. आता पाय मध्यम जोराने दाबून अर्धा-एक मिनिट तसाच ठेवा. पॅडल हळूहळू खाली सरकत गेलं तर मास्टर सिलिंडरचे रबर गेलेत किंवा कुठेतरी गळती आहे. असं असेल तर घाटाचा विचार सोडा, आधी गॅरेज गाठा. बूस्टर म्हणजे पायाचा जोर वाढवणारा भाग; तो तपासायला इंजिन बंद करून पॅडल चार-पाच वेळा मारा, ते कडक होईल. मग पाय तसाच ठेवून गाडी चालू करा. पॅडल थोडं खाली गेलं तर बूस्टर ठीक.

तुमच्या वर्णनावरून माझा पहिला संशय मागच्या ड्रमवर आहे. लोक पुढचे पॅड बदलत राहतात, कारण ते चाकाच्या जाळीतून दिसतात आणि अर्ध्या तासात होतात. मागचा ड्रम वर्षानुवर्षं कोणी उघडत नाही. सेकंडहँड गाडीत तर नाहीच नाही, कारण विकणाऱ्याला तो खर्च दाखवता येत नाही. ब्रेक मारल्यावर वजन पुढे झुकतं आणि बहुतेक काम पुढच्या चाकांवर पडतं, हे खरं. तरी मागच्यांनी आपला वाटा उचलला नाही की तोही पुढच्यांच्या डोक्यावर बसतो, आणि घाटात पुढचे आणखी लवकर तापतात. म्हणजे पुढच्या चाकाचा जळका वास मागच्या ड्रममुळेही असू शकतो.

पॅडल खाली जाण्याशी ड्रमचा संबंध असा. आत लायनर चिकटवलेले दोन शू असतात, त्यांच्या मधे एक दांडी. लायनर झिजला की ही दांडी आपोआप लांब होऊन फट भरून काढते. कोकणच्या दमट हवेत आणि ब्रेकच्या भुकटीत ही यंत्रणा गंजून जाम होते. मग फट वाढत जाते आणि दर वेळी पॅडलची पहिली चाल ती फट भरण्यातच जाते. याची खूण हँडब्रेकवरही दिसते: दहा-बारा कटकट होईपर्यंत तो लागत नाही. अशा वेळी बरेच मिस्त्री हँडब्रेकची केबल आवळून देतात. गिऱ्हाईक खूश, कारण हँडब्रेक चारच कटकटीत लागतो. पण केबल ताणलेली राहिली की शू आपल्या मूळ जागी परत येत नाहीत आणि ती दांडी काम करणं कायमचं सोडते. क्रम उलटा हवा. आधी केबल सैल करायची, ड्रम उघडून दांडी साफ करून शूची फट जुळवायची, आणि केबलला हात सगळ्यात शेवटी लावायचा.

ड्रम उघडला की तुम्ही स्वतः तिथे उभे राहा. व्हील सिलिंडर म्हणजे वरच्या बाजूला दोन टोकांना रबरी टोप्या असलेला छोटा तुकडा. त्या टोपीची कडा बोटाने किंचित उचलून आत बघायला सांगा. ओल दिसली तर सिलिंडर बदला, दोन्ही बाजूंचे. नुसतं आतल्या रबरांचं किट टाकून चालेल का, असं हमखास विचारतात. आतली नळी गुळगुळीत असेल तर चालतं. कोकणात राहिलेल्या गाडीत तिला गंजाचे खड्डे पडलेले असतात आणि नवं रबर त्या खड्ड्यांवर पुन्हा कापलं जातं. नव्या सिलिंडरची किंमत इतकी कमी आहे की त्यासाठी मी वाद घालत नाही. लायनरवर ऑइल गळलेलं असेल तर लायनरही बदला. पेट्रोलने धुऊन, कागदाने घासून बसवलेला लायनर दोन दिवस बरा वाटतो. तापला की आत मुरलेलं ऑइल वर येतं आणि गाडी एका बाजूला ओढते. ड्रमवर जास्तीत जास्त व्यासाचं माप ओतीवात उमटवलेलं असतं. त्याच्या आत असेल आणि पृष्ठभाग खरबरीत झाला असेल, तर लेथवर हलका हात मारून घ्यायला हरकत नाही.

आतली भुकटी हवेच्या पाइपने फुंकू देऊ नका. जुने आणि फार स्वस्त लायनर ॲस्बेस्टॉसचे असू शकतात. ओल्या फडक्याने किंवा ब्रेक क्लीनरने पुसायला सांगा. गॅरेजमधली पोरं हसतील, हसू द्या.

आता ती शंका. २२ जुलै २०२१ ला वाशिष्ठीचं पाणी चिपळुणात शिरलं तेव्हा इथल्या असंख्य गाड्या बुडाल्या. त्यातल्या काही नीट दुरुस्त झाल्या, काही नुसत्या धुऊन-पुसून इतर जिल्ह्यांत विकल्या गेल्या. तुमची तशी असेलच असं नाही, एमएच ०८ म्हणजे आख्खा रत्नागिरी जिल्हा. पण मागचा ड्रम याबाबतीत खोटं बोलत नाही. गाळाच्या पाण्यात बुडालेल्या गाडीचा ड्रम काढला की बॅकप्लेटच्या (ड्रममागच्या पत्र्याच्या) कोपऱ्यांत, स्प्रिंगांच्या मागे, गव्हाच्या पिठासारखी मऊ तांबूस माती सुकून बसलेली असते. ब्रेकची भुकटी काळी किंवा राखाडी असते आणि बोटावर चुरचुरते, ही माती पिठासारखी पसरते. शू जिथे बॅकप्लेटला टेकतात तिथे गंजाचे खड्डे दिसतात. असं काही निघालं तर ब्रेकच्या सगळ्या पाइपांवर एकदा नजर टाकावी लागेल, विशेषतः गाडीच्या पोटाखालून मागे जाणाऱ्या लोखंडी पाइपांवर. सांगली-कोल्हापूरकडच्या गाड्यांना २०१९ च्या पुरामुळे हीच परीक्षा लागू पडते.

यानंतर ब्रेक ऑइल. सगळ्यात स्वस्त आणि सगळ्यात दुर्लक्षित काम. हे ऑइल हवेतली ओल शोषून घेतं, चाकांजवळच्या रबरी नळ्यांमधूनही (होज) थोडीथोडी ओल आत जाते. डॉट ३ प्रतीचं ऑइल नवं असताना २०५ अंशांच्या आत उकळू नये असं मानक आहे. पावणेचार टक्क्यांच्या आसपास पाणी मुरल्यावर तीच हमी १४० अंशांवर येते. डॉट ४ साठी हेच आकडे २३० आणि १५५. म्हणजे सुकं डॉट ३ हे मुरलेल्या डॉट ४ पेक्षा चांगलं. म्हणून भारी ऑइल एकदा टाकून विसरण्यापेक्षा साधं ऑइल दर दोन वर्षांनी बदललेलं बरं. तुमचा घाट नेमाचा आहे, तेव्हा मी डॉट ४ टाकेन. ते डॉट ३ च्या गाडीत चालतं आणि दोन्ही एकमेकांत मिसळतात. डॉट ५ मात्र सिलिकॉनचं असतं, ते या गाडीत अजिबात नको. नाव जवळपास तेच असलेलं डॉट ५.१ वेगळं, ते डॉट ३-४ च्याच कुळातलं. पण तुम्हाला त्याची गरज नाही.

ऑइल बदलणं म्हणजे टाकीतलं काढून नवं ओतणं नव्हे. मुरलेलं ऑइल चारही चाकांत असतं आणि उकळतं तिथेच. चारही चाकांच्या निपलमधून (ऑइल बाहेर काढायच्या स्क्रूमधून) नवं, स्वच्छ ऑइल येईपर्यंत काढत राहायचं. अर्धा लिटर ते पाऊण लिटर लागेल, आणि डबा तुमच्यासमोर फोडलेला हवा, कारण उघडा पडलेला डबा ओल शोषून बसलेला असतो. निपल गंजून बसलेले असतील तर आदल्या दिवशी गंज सोडवणारा स्प्रे मारून ठेवा, जोर लावला की तुटतात. आणि ऑइल रंगावर सांडलं तर लगेच भरपूर पाण्याने धुवा, नाहीतर रंगाचे पापुद्रे निघतील.

पुढच्या चाकांत पॅडपेक्षा आधी मी पिना बघतो. कॅलिपर दोन पिनांवर सरकतो. त्या सुकल्या किंवा गंजल्या की आतला पॅड दाबला जातो आणि बाहेरचा नुसता साथ देतो. जुने पॅड काढल्यावर शेजारी ठेवून बघा: एक पत्र्यासारखा झिजलेला आणि दुसऱ्यात भरपूर माल शिल्लक, तर पिना जाम होत्या. पिना साफ करून सिलिकॉनचं किंवा खास ब्रेकसाठीचं ग्रीस लावायचं. बेअरिंगचं ग्रीस किंवा इंजिन ऑइल नको, त्याने ब्रेकचं रबर फुगतं. पिस्टनवरची रबरी टोपी फाटलेली असेल तर सील किट टाका. पिस्टनलाच गंज चढला असेल तर किटवर पैसे घालू नका, पिस्टन किंवा कॅलिपर बदला.

पुढचे रबरी होज तुमच्या गाडीइतकेच जुने असायची दाट शक्यता आहे. वरून भेगा दिसल्या तर प्रश्नच मिटला. फसवणारा प्रकार आत असतो. होजचं आतलं अस्तर सुटून फुगतं, पाय दाबला की ऑइल जोराने पुढे जातं, पण पाय सोडल्यावर परत येत नाही. मग ते चाक थोडं धरलेलंच राहतं आणि तापतं. ओळखायला एक सोपी रीत आहे. पंधरा-वीस मिनिटं सपाट रस्त्यावर, ब्रेक कमी वापरत गाडी चालवा, थांबा, आणि पुढच्या दोन्ही चाकांच्या रिमजवळ हात न्या, टेकवू नका. एक चाक दुसऱ्यापेक्षा खूप गरम लागलं तर त्या बाजूची पिन, पिस्टन किंवा होज यांपैकी काहीतरी अडलंय. होज बदलताना बोल्टजवळचे तांब्याचे वायसर नवेच टाकायला सांगा.

पॅडबद्दल. सिरॅमिक हा शब्द ऐकायला भारी वाटतो. असे पॅड शांत असतात, रिमवर काळी भुकटी कमी बसवतात. तुमची तक्रार आवाजाची किंवा भुकटीची नाहीच. कंपनीचे मूळ पॅड, किंवा बॉश, राणे यांसारख्या मूळ पुरवठादार दर्जाच्या कंपनीचे घ्या. बऱ्याच पॅडच्या कडेला आकड्यांच्या शेवटी दोन इंग्रजी अक्षरं छापलेली असतात. पहिलं अक्षर थंड असतानाची पकड सांगतं, दुसरं तापल्यावरची. ‘ई’ पेक्षा ‘एफ’ ची पकड जास्त, ‘एफ’ पेक्षा ‘जी’ ची. दोन्ही जागी ‘एफ’ असेल तर तुमच्या कामाला उत्तम. दुसरं अक्षर पहिल्यापेक्षा खालचं असेल तर घाटासाठी मी ते घेणार नाही. अक्षरंच नसलेले, सुट्या पिशवीतले पॅड कितीही स्वस्त मिळाले तरी सोडून द्या. नकली मालाचा सुळसुळाट पॅडमध्ये फार आहे, म्हणून दुकान ओळखीचं आणि बिल पक्कं हवं.

डिस्कवर किमान जाडी कोरलेली असते. मिस्त्रींनी मायक्रोमीटरने मोजायला हवी. साधा व्हर्नियर कडेच्या न झिजलेल्या पट्टीवर अडतो आणि जाडी जास्त दाखवतो. माप किमानच्या बरंच वर असेल आणि ब्रेक मारताना पॅडलला थरथर येत नसेल, तर डिस्क तशीच ठेवा. थरथर असेल तर लेथवर घासून घेता येते, पण घासल्यानंतरची जाडी किमानच्या वर राहत असेल तरच. नवी टाकायची वेळ आली तर दोन्ही बाजूंना एकदम. बसवण्याआधी हबवरचा (डिस्क ज्यावर बसते त्या भागावरचा) गंज तारेच्या ब्रशने काढलाच पाहिजे. तिथे गंजाचा एक पापुद्रा राहिला तरी डिस्क किंचित तिरकी बसते आणि दोन-तीन महिन्यांत थरथर सुरू होते. मग दोष डिस्कच्या कंपनीला दिला जातो.

आता त्या ३२ हजारांच्या कामाबद्दल, कारण ते मोहात पाडणारं आहे. पुढे मोठ्या गाडीचा कॅलिपर बसवला की त्याचा पिस्टनही मोठा येतो, त्याला भरायला जास्त ऑइल लागतं. मास्टर सिलिंडर तोच असेल तर पॅडल आणखी खाली जाणार, म्हणजे तुमची मूळ तक्रारच वाढणार. १३ इंची रिममध्ये मोठी डिस्क बसत नाही, म्हणून रिम बदला. रिम बदलली की टायर बदला. ३२ हजारांचं काम तिथेच चाळिसाच्या पुढे गेलं. मागच्या डिस्कचं दुखणं याहून मोठं. जोरात ब्रेक मारला की वजन पुढे जाऊन मागची चाकं हलकी होतात. तिथे ब्रेक वाढवला की ती आधी जाम होतात आणि गाडीचं ढुंगण फिरतं. कंपनी पुढच्या-मागच्या ब्रेकचं हे प्रमाण हिशेब करून ठरवते. तुमच्या गाडीत ते सावरायला एबीएसही नाही. शिवाय हँडब्रेकची जुळवाजुळव, स्थानिक वेल्डिंगचे ब्रॅकेट, आणि अपघात झालाच तर विमा कंपनीचे प्रश्न. मोटार वाहन कायद्याच्या कलम ५२ मध्ये गाडीतल्या बदलांबाबत बंधनं आहेत, आणि विम्याच्या सर्व्हेअरला तेवढं निमित्त पुरतं.

मोठ्या ब्रेकची खरंच गरज आहे का, हे ठरवायची साधी कसोटी आहे. सगळं काम झाल्यावर, कोरड्या मोकळ्या रस्त्यावर, मागे कोणी नसताना ताशी ४० ला ब्रेक जोरात दाबा. पुढची चाकं जाम होऊन टायर किंचाळले, तर ब्रेकची ताकद टायरच्या पकडीपेक्षा जास्तच आहे. यापुढे डिस्क कितीही मोठी केली तरी गाडी लवकर थांबणार नाही, कारण थांबवणार टायर. म्हणून टायरच्या बाजूवरचा चार आकडी कोड वाचा. २३१७ म्हणजे २०१७ सालचा तेविसावा आठवडा. नक्षी शिल्लक असली तरी इतकं जुनं रबर कडक झालेलं असतं आणि पावसात घसरतं. तुमचे टायर त्या काळातले निघाले तर पुढची बचत तिकडे लावा.

पैशांचं म्हणाल तर आमच्याकडे या गाडीचे दर साधारण असे पडतात, कराडला शे-दोनशे इकडेतिकडे. मागचे लायनर हजार-दीड हजार. दोन्ही व्हील सिलिंडर हजार-बाराशे. पुढचे पॅड दीड ते दोन हजार. पुढचे दोन होज हजारभर. ऑइल, पिनांचं किट, ग्रीस, वायसर मिळून हजार-बाराशे. मजुरी दोन ते अडीच हजार. हे सगळं आठ-नऊ हजारांत बसतं. डिस्कचा जोड लागलाच तर आणखी तीन ते चार हजार, म्हणजे बाराच्या आसपास किंवा जरा वर. मास्टर सिलिंडर निघाला तर मात्र बजेट ओलांडेल. तसं झालं तर मास्टर सिलिंडर, ऑइल आणि मागचा ब्रेक आधी करा, आणि पॅडमध्ये अजून माल असेल तर पॅड-डिस्क पुढच्या महिन्यावर ढकला. तोपर्यंत घाट नको, एसटी आहेच.

पैसे वाचवायला कुर्ल्याच्या किंवा पुण्याच्या भंगारातून सामान आणावं का? कॅलिपरचा ब्रॅकेट, बॅकप्लेट, न झिजलेला ड्रम यांसारख्या नुसत्या लोखंडी वस्तू, माप बघून, जरूर आणा. ज्यात रबर आहे किंवा जे घासून झिजतं ते जुन्यातलं घेऊ नका.

काम झाल्यावर गाडी जागेवरून हलवण्याआधी पॅडल कडक होईपर्यंत मारा. पिस्टन मागे ढकललेले असतात, त्यामुळे पहिल्यांदा पॅडल थेट तळाला जातं, आणि गॅरेजच्या दारातच भिंतीवर चढलेल्या गाड्या मी पाहिल्यात. नंतर नवे पॅड डिस्कवर घासून रुळवून घ्यावे लागतात. पहाटे उंब्रजकडच्या मोकळ्या रस्त्यावर ताशी ६० वरून २० पर्यंत, मध्यम जोराने, आठ-दहा वेळा वेग कमी करा. मधे थोडं अंतर चालवत राहा आणि पूर्ण थांबू नका. शेवटी पाच-सात मिनिटं ब्रेक न लावता गाडी चालवून थंड होऊ द्या. पहिल्याच दिवशी भरलेली गाडी घाटात घालू नका.

आणि घाटात गिअर. ज्या गिअरमध्ये तो चढ चढला असता, त्याच गिअरमध्ये उतरा. कुंभार्लीत बहुतेक ठिकाणी दुसरा, थोडा भाग तिसरा. न्यूट्रलमध्ये पेट्रोल वाचतं हा कार्ब्युरेटरच्या काळातला समज आहे. तुमच्या इंजेक्शनच्या गाडीत गिअरमध्ये उतारावर पाय उचलला की पेट्रोल जवळजवळ बंदच होतं, न्यूट्रलमध्ये मात्र इंजिन चालू ठेवायला ते लागतं. ब्रेक पूर्ण उतारभर हलका दाबून ठेवू नका. वेग वाढला की ठाम दाबा, कमी करा, सोडा. वास आलाच तर सुरक्षित रुंद जागा बघून थांबा, रिव्हर्स गिअरमध्ये ठेवून चाकाखाली दगड लावा आणि वीसेक मिनिटं जाऊ द्या. डिस्कवर पाणी ओतू नका, तापलेलं लोखंड त्याने वाकडं होतं किंवा तडकतं. पावसाळ्यात गावी गाडी चार-पाच दिवस उभी राहणार असेल तेव्हाही हँडब्रेक न ओढता गिअर आणि दगड यांवरच ठेवा. नाहीतर लायनर ड्रमला चिकटून बसतात आणि निघायच्या दिवशी चाक फिरत नाही.

गॅरेजला गेल्यावर मागच्या ड्रमपासून सुरुवात करायला सांगा आणि आत काय निघालं ते कळवा: सिलिंडर ओला होता का, माती होती का, आणि पुढच्या डिस्कची जाडी किती भरली. या तीन गोष्टी कळल्या की बारा हजारांतले किती उरतील ते नक्की सांगता येईल.